पिकअपची चासी गंजतेय? तपासणीपासून वॅक्सपर्यंत सगळं काम

माझी पिकअप मी जुनी घेतली. घेताना इंजिन सुरू करून बघितलं, टायर बघितले, कागद बघितले. खाली वाकून बघितलं तर चासी, म्हणजे गाडीचा सगळा भार घेणारा खालचा लोखंडी सांगाडा, काळी कुळकुळीत, नव्यासारखी. दोन पावसाळे गेले आणि एके दिवशी गगनबावड्याहून येताना मागून कडकड आवाज यायला लागला. कोल्हापूरच्या फुलेवाडीत गाडी बाजूला घेऊन खाली शिरलो. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला जिथे टांगलेला असतो तिथे, रंगाला फुगा आला होता. नखाने टोकरला तर रंग चिरोट्यासारखा थराथराने सुटला, आणि सगळ्यात खाली जिथे लोखंड असायला हवं तिथे बोट आत गेलं.

ती गाडी आधी मालवणहून मासळी आणायची हे मला नंतर कळलं. विकायच्या आधी गंजावरच काळा रंग मारलेला होता. त्यानंतरचे चार महिने मी या कामात घातले. काही उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडून शिकलो, काही चुका करून शिकलो. ज्यांनी नुकती पिकअप घेतली आहे किंवा जुनी बघायला निघाले आहेत, त्यांच्यासाठी ते सगळं इथे क्रमाने लिहितो.

१. आपल्याकडे चासी गंजते कशाने

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळलं की वेग कितीतरी वाढतो. अमेरिकेच्या थंड भागात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि तिथे पिकअपच्या चासी सडणं हा मोठा प्रश्न आहे. २०१६ साली टोयोटाने तिथल्या सुमारे १५ लाख पिकअप आणि एसयूव्हींच्या चासीबद्दल, चूक मान्य न करता, ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली. म्हणजे नावाजलेली गाडी आहे म्हणून चासी सडणार नाही, असं धरून चालू नका.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मीठ आहे. ते हौद्यातून, म्हणजे मागे माल भरतो त्या भागातून, खाली येतं. मासळीच्या क्रेटमधून गळणारं पाणी खारट असतं. पोटॅश खत हा तर क्षारच आहे, फाटक्या पोत्यातून सांडलं की हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. कोंबडीखत, शेणखत, सांडून आंबलेलं दूध, काकवी हे सगळं लोखंडाला वाईटच. त्यात शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही. तिकडची तांबडी माती चासीच्या आत लिंपल्यासारखी बसते आणि ओल धरून ठेवते. बाहेरून गाडी कोरडी दिसते आणि आत आठवडाभर चिखल ओला असतो.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गंज झालेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं. म्हणून दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेले असतात तिथे मधे गंज धरला की तो पत्र्यांना पाचरीसारखा फाकवतो. रिव्हेटची डोकी उचललेली, पत्र्यांची कड उघडलेली दिसली की समजायचं, आत बरंच काही झालं आहे.

२. काम कधी काढायचं

शिमगा ते पाडवा हा उत्तम काळ. थंडीत सकाळी चासीवर दव असतं, पावसाळ्यात तर घासलेलं लोखंड दोन तासांत पुन्हा पिवळं पडतं. एप्रिल-मे लोकांना चांगला वाटतो, पण दुपारनंतर वळीव आला की उघडं केलेलं काम भिजतं. माझं एकदा तसंच झालं. सगळं घासून झालं होतं, प्राइमर उद्या मारू म्हणून ठेवलं, संध्याकाळी वळीव, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून घासणं.

गाडी किमान सहा-सात दिवस उभी राहील अशी सोय करा. भाड्याच्या दिवसांत मधे मधे काम करू नका.

३. काय काय जमवायचं

- मजबूत जॅक आणि चार लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.
- छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, छोटा आरसा
- खरवडणी, तारेचा हातब्रश, ग्राइंडर आणि त्याला लागणारा तारेचा कप ब्रश
- ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- डोळ्यांना बंद बाजूंचा गॉगल, धूळ अडवणारा चांगला मास्क, रबरी हातमोजे. तारेच्या ब्रशची तार तुटून बंदुकीच्या छर्‍यासारखी उडते, साधा चष्मा पुरत नाही.
- ग्रीस काढायला डिग्रीझर, पुसायला थिनर आणि धुतलेल्या सुती चिंध्या
- गंज निष्क्रिय करणारं द्रावण, म्हणजे रस्ट कन्व्हर्टर
- दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर, त्याचा हार्डनर (प्राइमर घट्ट करणारा दुसरा भाग), वर मारायला चासी ब्लॅक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग
- चासीच्या पोकळीत मारायचं वॅक्स आणि त्याची लांब नळी
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं

कागदांत आरसी, विमा आणि फिटनेसच्या प्रती हाताशी ठेवा. त्या कशाला लागतात ते वेल्डिंगच्या भागात सांगतो. आणि मोबाईलवर आधीचे फोटो काढा, प्रत्येक कोपर्‍याचे.

४. आधी धुवा, मग तपासा

चिखलाखाली काहीच दिसत नाही. वॉशिंग सेंटरला रॅम्पवर चढवून खालून धुऊन घ्या. धुणार्‍या पोराजवळ स्वतः उभे राहा आणि पाण्याचा फवारा चासीच्या आतल्या बाजूने, आडव्या पट्ट्यांच्या वरून मारायला सांगा. तिथे कुणी आपणहून मारत नाही. वायरींचे कनेक्टर, अल्टरनेटर, चाकांचे बेअरिंग यांच्यावर मात्र जोराचा फवारा नको. धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या.

मग हातोडी घ्या. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर वीतभर अंतराने हलके ठोके देत चला. धड लोखंड टणटण वाजतं. सडलेलं भद्द वाजतं. एकदा कानाला सवय झाली की डोळ्याआधी कानाला कळतं. भद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर द्या. टोक रुतलं तर पत्रा पातळ झाला आहे.

या जागा चुकवू नका:

- मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे चासीला बसतात ती जागा. सगळा भार इथे येतो आणि चाकाचा चिखलही इथेच उडतो.
- आडव्या पट्ट्या लांब पट्ट्यांना जिथे जोडलेल्या आहेत ते रिव्हेट आणि जोड
- मागच्या चाकावर चासी कमान घेऊन वर चढते, त्या वळणाची आतली बाजू
- डिझेल टाकीचे आणि स्टेपनीचे ब्रॅकेट
- ब्रेकच्या लोखंडी नळ्या. या चासीच्या कडेने जातात आणि क्लिपखाली गंजतात. नळीवर खड्डे दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी नळी बदला.
- हौदा आणि चासी यांच्या मधली जागा

या शेवटच्या जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो. हौदा स्थानिक बॉडी बिल्डरकडून बांधून घेतला असेल, तर चासी आणि हौद्याच्या मधे बर्‍याचदा लाकडी फळी किंवा रबराची पट्टी असते. फळी पाणी पिते आणि महिनोन्‌महिने ओली राहते. माझ्या गाडीचे यू-बोल्ट सैल करून हौदा चार बोटं उचलला, तेव्हा फळीखालची चासी सालं काढल्यासारखी झाली होती, आणि फळीतून अजून मासळीचा वास येत होता. बाहेरून तिथे काहीच दिसत नव्हतं. जुनी गाडी घेताना हौदा उचलून बघता येत नाही, पण फळीची कड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघता येते. लाकूड कुजलेलं असेल तर खालचं लोखंडही धड नाही असं समजून भाव करा.

आणि मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. जुन्या गाडीची चासी ताजी काळी रंगवलेली दिसली तर खूश होऊ नका. उलट तिथेच जास्त ठोका.

५. गंज कुठल्या पायरीवर आहे ते ठरवा

वरवरचा तांबूस गंज पॉलिश पेपरने निघून खाली चकचकीत लोखंड दिसत असेल, तर काम घरी होतं. पापुद्रे सुटतात, खाली खड्डे आहेत, पण टोच मारला तरी लोखंड घट्ट आहे, तेव्हाही घरी होतं. फक्त मेहनत जास्त आणि कन्व्हर्टर लागेलच.

भोक पडलं असेल, कड कागदासारखी झाली असेल, चीर दिसत असेल किंवा पाट्याच्या हँगरजवळ पत्रा पातळ असेल, तर रंगाचा विचार सोडा. गाडीत माल भरणंही बंद करा आणि सरळ सातव्या भागाकडे जा. भरलेली गाडी आंबा घाटात उतरताना हँगर सुटला तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

६. घासणं आणि रंग

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. डिझेल टाकी, नळ्या आणि वायरींच्या जवळ ग्राइंडर लावू नका, तिथे हाताने घासा. ठिणगी कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

आधी ग्रीस आणि ऑइल डिग्रीझरने काढा, मगच घासायला घ्या. उलटं केलं तर तेल लोखंडात चोळलं जातं आणि त्यावर प्राइमर धरत नाही. पापुद्रे हातोडीने झोडून पाडा, खरवडणीने काढा, मग तारेचा ब्रश, शेवटी पॉलिश पेपर. धड रंगाच्या कडाही घासून उतरत्या करा. कड उभी राहिली की तिच्याखाली पुन्हा पाणी शिरतं.

हौदा आणि इंजिन उतरवून चासी पूर्ण सुटी करणार असाल, तर शॉट ब्लास्टिंगसारखं, म्हणजे बारीक लोखंडी छर्रे जोराने मारून गंज काढण्यासारखं, दुसरं काम नाही. शिरोली, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव या भागात फाउंड्र्या आहेत, तिथे ओतीव माल याच पद्धतीने साफ करतात. चासीएवढा जॉब घेणारं कुणी आहे का विचारून बघा. कुणी साधी वाळू उघड्यावर मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही.

आता कन्व्हर्टर. यात बहुतेक वेळा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून काळसर, टिकाऊ थर तयार करतं. दोन गोष्टींत लोक फसतात. एक, सुट्या पापुद्र्यांवर ते लावतात. वरचा थर काळा पडतो, आतला गंज तसाच राहतो. घट्ट चिकटलेल्या, खड्ड्यांत उरलेल्या गंजावरच ते लावायचं. दुसरं, डब्यावरची सूचना वाचत नाहीत. काही द्रावणं धुऊन काढावी लागतात, काही तशीच वाळू द्यायची असतात. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. मी पूर्ण एक दिवस वाळू देतो आणि पुढच्या दिवशी हलका पेपर मारून पुसून घेतो.

प्राइमरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: चासीला दोन भागांचा इपॉक्सी. दुकानदार रेड ऑक्साइड पुढे करतो, ते स्वस्त आहे आणि खिडकीच्या ग्रिलला ठीक आहे, पण दगड-चिखलाचा मारा खाणार्‍या चासीला एकट्याने पुरत नाही. जस्ताचा प्राइमर चांगला असतो, मात्र तो फक्त चकचकीत उघड्या लोखंडावरच काम करतो. कन्व्हर्टर मारलेल्या जागेवर त्याचा उपयोग नाही.

हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, अंदाजाने नको. एका वेळी लागेल तेवढंच कालवा, कारण काही तासांत ते डब्यातच घट्ट होतं. ऊन वर आल्यावर, चासी हाताला पूर्ण कोरडी लागल्यावर सुरू करा. दुपारच्या तापलेल्या लोखंडावर मारू नका, थिनर झटकन उडून फोड येतात. रिव्हेट, कडा आणि जोड यांना आधी ब्रशने एक हात द्या, मग सगळीकडे. फवारा कडेवर पातळ पडतो आणि गंज कडेवरूनच सुरू होतो. दोन हात प्राइमर, दोन हात रंग. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला असतो, तो उलटून गेला तर पुन्हा पेपर मारल्याशिवाय पुढचा हात देऊ नका.

रंग कुठे लागायला नको तेही बघा: ब्रेकची डिस्क आणि ड्रम, रबरी बुश, सायलेन्सर, सेन्सर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चासी नंबर. नंबर कुठे कोरला आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्या जागेवर ग्राइंडर अजिबात नको. हाताने हलका ब्रश, पुसून पातळ पारदर्शक थर किंवा नुसतं ग्रीस. नंबर बुजला तर फिटनेसला आणि गाडी विकताना दोन्हीकडे अडकाल.

पोकळी आतून

चासीचा काही भाग पेटीसारखा बंद असतो. तो आतून गंजतो आणि बाहेर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. खालच्या बाजूला पाणी निथळायला भोकं दिलेली असतात, ती तांबड्या मातीने बुजतात. तार घालून मोकळी करा. माझ्या एका भोकातून तार घातली तर ओंजळभर चिखल आला, बाहेर पंधरा दिवस पाऊस नव्हता तरी ओला. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी जायचो ते तेव्हा म्हणाले, "आधी पाणी कुठनं आत येतंय आणि कुठं अडतंय ते बघ, रंगाचं मग बघू." तेव्हापासून दर सर्व्हिसिंगला मी आधी ही भोकं बघतो.

आतून पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने झटका, दोन-तीन दिवस वाळू द्या. मग लांब नळीने पोकळीचं वॅक्स मारा, नळी आत घालून हळूहळू बाहेर ओढत. भोकातून थेंब गळायला लागले की तो भाग भरला. थेंब थांबल्यावर भोकं पुन्हा तारेने मोकळी करा, नाहीतर वॅक्सच त्यांना बुजवतं.

७. वेल्डिंग लागणार असेल तर

हे घरचं काम नाही आणि ग्रिल-गेट करणार्‍या वेल्डरचंही नाही. चासीचं काम करणाराच माणूस शोधा. तो काम करताना या गोष्टी होतायत का ते बघा:

बॅटरी सुटलेली हवी, आणि गाडी नवीन असेल तर ईसीयूचे (इंजिन चालवणार्‍या कॉम्प्युटरचे) कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावलेला हवा. डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला केलेल्या हव्यात. चीर असेल तर तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. सडलेला पत्रा धड लोखंड लागेपर्यंत कापला पाहिजे. गंजावर पट्टी ठेवून कड वेल्ड करणं म्हणजे दोन पत्र्यांमधे पाणी साचायला नवी जागा करून देणं. पट्टीची टोकं तिरकी हवीत. उभी सरळ वेल्ड चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंत आली की पुढची चीर तिथूनच सुरू होते.

हँगरजवळची जागा असेल किंवा दोन-तीन ठिकाणी भोकं असतील, तर ठिगळांपेक्षा तो पूर्ण भाग बदलणं बरं. पूर्ण चासी बदलायची वेळ आली तर आधी आरटीओची परवानगी, मग काम. चासी नंबरच बदलत असल्याने आरसीत नोंद व्हावी लागते. आरसी, विमा, नव्या चासीचं बिल आणि तुमच्या फोटोंसह आधी आरटीओत जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारून या. काम करून मग कागद करू, या विचाराने गेलेल्यांची गाडी अडकून पडते. व्यावसायिक गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी लागतं, त्यामुळे हे झाकून राहत नाही. विम्यातून गंजाचे पैसे मिळत नाहीत, ती झीज धरली जाते.

८. गाडी वापरताना

मासळी, मीठ किंवा खत वाहिलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हौदा आणि खालून चासी धुवा. उद्यावर ढकलू नका. क्रेटखाली ताडपत्री किंवा कडा उचललेला ट्रे ठेवला तर खारं पाणी चासीपर्यंत जातच नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय. हौद्यात रबरी मॅट असेल तर महिन्यातून एकदा उचलून उन्हात टाका, खाली पाणी अडलेलं असतंच.

मे महिन्यात पावसाआधी एकदा खाली शिरून रंग उडालेल्या जागा बघा आणि तेवढ्याच भागाला घासून, प्राइमर मारून घ्या. दिवाळीच्या सुमारास खालून पूर्ण धुलाई, भोकं मोकळी करणं आणि हातोडीची एक फेरी. पोकळीत वॅक्स दर वर्षी थोडं मारत राहा.

जळकं ऑइल आणि डिझेल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मी सांगतो, नको. रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून चिखलाचा थर बसतो, पहिल्या जोरदार पावसात अर्धं धुऊन जातं आणि ते ओढ्या-विहिरीत जातं. गंज न काढता वरून डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंग करणंही असंच. थराखाली ओल अडकते, गंज आत वाढत राहतो आणि वरून गाडी छान दिसते. स्वच्छ, प्राइमर मारलेल्या चासीवर तेच कोटिंग चांगलं.

९. पुराच्या पाण्यात गाडी गेली असेल तर

राजाराम बंधार्‍यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठी गाडी लावत असाल तर ३९ ची बातमी आली की गाडी हलवा, ४३ ची वाट बघू नका. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, उशीर केला की बाहेर पडायला रस्ता राहत नाही.

गाडी बुडालीच तर ती सुरू करू नका. आधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. इंजिनचं काम मिस्त्री बघतील, पण चासीकडे त्या गडबडीत कुणी बघत नाही. पुराचा गाळ बारीक असतो, पेटीच्या आत बसला की वाळून विटेसारखा होतो. ओला आहे तोवरच भोकांतून पाणी मारून काढा, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. हौद्याखालची लाकडी फळी काढून फेका आणि नवी बसवताना खालच्या चासीला इपॉक्सीचे दोन हात देऊन मगच बसवा. वॅक्सची घाई करू नका, आत पूर्ण वाळायला आठ-दहा दिवस द्या. पावसाळा चालूच असेल तर कॉम्प्रेसरची हवा रोज मारून ठेवा आणि वॅक्सचं काम पाऊस उघडल्यावर करा.